खिंडीच्या अलीकडे

देगलूर, बिलोली, धर्माबाद या पट्ट्यातल्या कुणाला तिथल्या डॉक्टरनं "हैदराबादला न्या" असं सांगितलं, की सोनकांबळ्यांच्या भावकीत पहिला फोन मलकपेठेला जायचा. पेशंट कोण, आजार काय, हे नंतर. आधी एवढंच, "आदर्श, आम्ही निघालोय." मग सकाळी काचीगुडा स्टेशनवर गाडी लागायची, रिक्षा मलकपेठेत शिरायची, आणि सोनकांबळ्यांच्या दाराशी अनोळखी चपलांची रांग लागायची.

ही रीत आदर्शच्या वडिलांनी, भिवाजींनी पाडलेली. भिवाजी तरुणपणी रेल्वेत लागले आणि हैदराबादला आले, तेव्हा या शहरात त्यांचं कुणी नव्हतं. सुरुवातीचे दिवस त्यांनी स्टेशनच्या बाकावर काढले. पुढं क्वार्टर मिळालं, मग मलकपेठेत दोन खोल्यांचं घर झालं, त्यावर तिसरी चढली. घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून भिवाजी सांगायचे, "आपल्या गावचा माणूस या शहरात स्टेशनवर झोपता कामा नये." ते जिवंत होते तोवर कुणी झोपलं नाही. ते गेल्यावर हे काम कुणी आदर्शला दिलं नाही, त्यानं मागूनही घेतलं नाही. घराबरोबर ते आपसूक त्याच्याकडं आलं.

आदर्श एका विमा कंपनीच्या दिलसुखनगरच्या ऑफिसात अधिकारी होता. वय पंचेचाळीसच्या पुढं, अंगानं काटक, केस कानाजवळ पांढरे. शहरातली मोठी इस्पितळं त्याला तळहातासारखी माहीत होती. कुठल्या खिडकीवर चिठ्ठी निघते, कुठल्या मजल्यावरचं पाणी पिण्यासारखं आहे, कुठला पहारेकरी "अन्ना" म्हटलं की दोन माणसं आत सोडतो, सगळं त्याच्या जिभेवर. त्याची किरकोळ रजा वर्षानुवर्षं इस्पितळांच्या बाकांवरच संपत आली होती. नातेवाईक तेलुगूला बिचकायचे, तो त्यांच्यासाठी बोलायचा. डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलेलं तो मराठीत सांगायचा, आणि वाईट असलं की आधी पाणी प्यायला द्यायचा. पोटच्या पोरानं केलं नसतं ते आदर्शनं केलं, असं गावाकडं लोक म्हणत. हे बोलणं कानावर आलं की त्याला बरं वाटे. पण त्या बरं वाटण्यातून रात्रीची झोप भरून निघत नसे.

त्याची बायको शिवानी शाळेत शिकवायची. ती तक्रार करणारी बाई नव्हती, पण एका रविवारी कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, तुम्ही हल्ली बसल्या जागी डोळे मिटता. समोरचा बोलत असतो आणि तुम्ही हौ हौ करता. कालच्या मावशींना तर कळलंसुद्धा, की तुम्ही ऐकत नाही."

"ऐकत होतो."

"काय म्हणाल्या सांगा."

आदर्श उठून पिठाचा डबा फळीवर ठेवायला लागला.

त्याच्या जगण्यात स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आणि ती सांगितली की लोक हसायचे. हैदराबादच्या माणसाला बर्फावरून घसरायची हौस! कॉलेजात एनसीसीत असताना त्याची निवड गढवालच्या एका स्कीच्या शिबिरासाठी झाली होती. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला तो त्यानं लाकडी फळ्या पायाला बांधूनच. पहिले काही दिवस नुसता पडला. मग एका सकाळी पाय आपोआप जुळले, उतार पायाखाली आला आणि कानाशेजारून वारा सरकू लागला. त्या क्षणी त्याच्या खांद्यावर कुणाचंही ओझं नव्हतं. पुढं नोकरी, लग्न, वडिलांचं आजारपण, मुलीचं शिक्षण यात ते सगळं मागं पडलं. पण शहराबाहेरच्या मोठमोठ्या खडकांवर रविवारी चढणाऱ्या एका गटात तो अधूनमधून जायचा. तिथं त्याला तेजस आणि तन्वी भेटले. दोघं पुण्याचे, कुकटपल्लीत राहणारे, कॉम्प्युटरच्या कंपन्यांत कामाला, त्याच्याहून बरेच लहान. हिवाळ्यात कुल्लूकडं जाऊन स्की शिकायचं त्यांचं ठरलं, तेव्हा आदर्शनं भीत भीत विचारलं, "मी येऊ का?" दोन हिवाळे तो त्यांच्याबरोबर गेला. पाय विसरले नव्हते. या वर्षी त्यांनी ठरवलं, की रोपवेच्या पाळण्यात बसून वर जाऊन खाली यायचं नाही. स्वतःच्या पायानं डोंगर चढायचा, खिंड गाठायची आणि पलीकडून उतरायचं.

निघायच्या आधी त्याची आई पार्वतीबाई म्हणाली, "बर्फात काय ठिवलंय रे? हितं माणसं यायलेत दवाखान्याला, आन् तू निघालास खेळायला."

शिवानी आतून म्हणाली, "जाऊ दे की आई त्यांना. एक आठवडा मी बघते."

पण स्टेशनपर्यंत आदर्शच्या कानात ते "खेळायला" वाजत राहिलं.

तो आठवडा बरा गेला. शेवटच्या दिवशी खिंडीची चढाई होती. ते ज्या गावात उतरले होते त्याच्या मागं देवदाराचं रान, रानाच्या वर मोकळं कुरण, आणि कुरणाच्या वर दोन शिखरांच्या मधली ती पांढरी खाच. तेजस पहिल्या दिवसापासून तिच्याकडं बोट दाखवत होता. त्यानं तिचे फोटो आधीच पाहून ठेवले होते. पलीकडचा उतार लांब आणि रुंद, असा उतार आयुष्यात एकदा तरी उतरायला हवा, असं तो रोज जेवताना सांगायचा.

त्या सकाळी आदर्श पराठ्याचा पहिला घास घेत होता आणि फोन वाजला. देगलूरचा शिवराज, त्याचा मामेभाऊ.

"आदर्शदादा, जय भीम. आम्ही काचीगुड्याला उतरलोय. अण्णाला आणलंय. छातीचं दुखणं वाढलंय, तिकडल्या डॉक्टरनं हैदराबादलाच न्या म्हणलं. तू स्टेशनला ये."

अण्णा म्हणजे दत्तोबामामा, पार्वतीबाईंचा सख्खा भाऊ. आदर्शच्या हातातला घास हातातच राहिला.

"शिवराज, मी बाहेर आहे."

"कुठं भायेर?"

"हिमाचलात. डोंगरावर."

मग शिवराज म्हणाला, "मग आमचं कसं?"

त्या आवाजात राग नव्हता, नुसता घाबरलेपणा होता. आदर्श उठून अंगणात गेला. त्यानं शिवराजला रिक्षावाल्याला काय सांगायचं ते सांगितलं. शिवानीला फोन केला. ती शाळेची साडी नेसून दारातच उभी होती, म्हणाली, "मी अर्धी रजा टाकते, तुम्ही काळजी करू नका." मग त्यानं हृदयविकाराच्या विभागातल्या ओळखीच्या एका नर्सला फोन केला, मग विम्याच्या कार्डाचं विचारायला ऑफिसातल्या माणसाला, मग पुन्हा शिवराजला. आत आला तेव्हा पराठा थिजला होता आणि तेजस बूट चढवून दाराशी उभा होता.

"आदर्शदादा, उशीर झाला की बर्फ मऊ पडतो," तेजस म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं.

"चल, चल," आदर्श म्हणाला. न खाताच त्यानं बूट आवळले.

रानातली वाट सोपी होती. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यामुळं पाय पुढं सरकतो, मागं घसरत नाही. एक पाय, मग दुसरा पाय, त्याच्या मागोमाग दोन्ही हातांतल्या काठ्या. सगळ्यांत पुढं टेकराम, त्याच गावचा वाटाड्या, तिशीतला, कमी बोलणारा. त्याच्या मागं तेजस, मग तन्वी, शेवटी आदर्श. शेवटी चालायची सवय त्याला कुठल्याही रांगेत होती. पुढच्याचं काही पडलं, कुणी मागं राहिलं, तर दिसावं म्हणून. पण आज तो शेवटी होता तो फक्त पाय उचलत नव्हते म्हणून.

झाडं संपली आणि वारा आला.

आला म्हणजे वाटच बघत असावा तसा आला. कुरणावरचा भुसभुशीत बर्फ उचलून तो जमिनीलगत पळवत होता. गुडघ्याखाली सगळं पांढरं वाहत होतं, आपण चालतोय की जमीन चालतेय ते कळेना. वर खिंडीच्या काठावरून बर्फाची लांब शेपटी आभाळात उडत होती. ऊन होतं, पण त्या उन्हात ऊब नव्हती. बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडलं की तोंडात बर्फाचे कण जात.

टेकराम थांबला, वर पाहून म्हणाला, "हवा तेज़ है. धीरे-धीरे चलते हैं. ऊपर देखेंगे."

कुरणाच्या वरचा चढ उभा होता. वाऱ्यानं तिथला मऊ बर्फ खरवडून नेला होता, उरला होता तो घासलेल्या फरशीसारखा टणक थर. स्कीच्या कडा त्यात रुतत नव्हत्या. नागमोडी चढताना प्रत्येक वळणावर एक पाय उचलून उलटा फिरवून ठेवावा लागे, आणि तेवढ्या क्षणात वारा माणसाला धक्का देऊन बघे. अशाच एका वळणावर तन्वीच्या डाव्या स्कीची पट्टी निघाली. तळात बर्फ शिरला होता, डिंक धरेना. ती खाली बसली. तिच्या हाताला ते जमेना.

आदर्श वर आला. त्यानं काही न बोलता स्वतःचे हातमोजे काढले, तिची स्की मांडीवर घेतली, बाहीनं तळ पुसला, पट्टी शर्टाच्या आत छातीशी धरून गरम केली, चिकटवली आणि वरून चिकटपट्टीचे वेढे मारले. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली.

"थँक्स दादा. तुमच्या हातांकडे बघा, पांढरे पडलेत."

"होतंय गं. चल."

मोजे घालताना त्याला बोटं जागेवर आहेत की नाहीत तेही समजत नव्हतं.

खिंडीच्या खाली एक मोठा खडक बर्फातून वर आलेला होता. टेकरामनं सगळ्यांना त्याच्या आडोशाला घेतलं. इथं वारा डोक्यावरून जात होता, खाली थोडी शांतता होती. तेजसनं पिशवीतून खजूर काढले. खिंड आता अगदी समोर होती, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी. आणि तेवढ्यात आदर्शच्या छातीवरच्या खिशात फोन वाजला. खाली रानात रेंज नव्हती, इथं मात्र होती.

"दादा," शिवराजचा आवाज तुटत तुटत आला, "दवाखान्यात उभे हाओत. वहिनी आल्या होत्या, शाळेतून बोलावणं आलं म्हणून गेल्या. हितं चार खिडक्या हाएत. कोणत्या खिडकीवर उभं ऱ्हाऊ?"

आदर्शनं टोपी सारून फोन कानाशी दाबला. "डाव्या हाताची! जिन्याजवळची!"

"काय? ऐकू येईना."

"जिना! जिन्याजवळची खिडकी! जुना कागद आधी दाखव!"

"कोणता जिना? हितं दोन हाएत."

आदर्श उठून उभा राहिला, आडोशातून बाहेर गेला, तिथं रेंज बरी होती म्हणून. वाऱ्यानं त्याला मागं ढकललं. एका हातानं काठी रोवून, दुसऱ्या हातानं फोन धरून हा माणूस हिमालयात ओरडत होता, "मुलांचा वॉर्ड आहे ना, त्याच्या बाजूचा! पाण्याच्या टाकीकडचा नक्को! त्याच्या अलीकडचा!" तन्वीला आधी हसू आलं, मग तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि ती हसायची थांबली.

फोन कटला. तो खडकाच्या आडोशाला आला आणि बसला. बसला तो असा, की भिंतीला टेकवलेलं पोतं खाली सरकावं.

तेजसनं पिशवी पाठीवर घेतली. "चला दादा, आता शेवटचंच आहे."

आदर्शनं वर पाहिलं. खिंड, उडणारा बर्फ, निळं आभाळ, सगळं स्पष्ट दिसत होतं. त्याला चक्कर येत नव्हती, छातीत दुखत नव्हतं, पाय मोडला नव्हता. सांगण्यासारखं कारण त्यानं आत शोधून पाहिलं, एकही सापडलं नाही.

"मी दमलो," तो म्हणाला.

"थोडं पाणी घ्या. खजूर खा. पाच मिनिटं बसा हवं तर."

"पाण्यानं जाणारं नाही हे, तेजस. मी दमलोय. मला वर यायचं नाही."

हे शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर तो स्वतःच जरा चपापला. ऑफिसात, घरी, इस्पितळात कधीच, कुणाकडंच त्यानं हे वाक्य उच्चारलं नव्हतं. आणि उच्चारलं ते कुठं, तर पुण्याच्या दोन पोरांपुढं, ज्यांचा त्याच्याशी रक्ताचा काही संबंध नव्हता.

तेजस टेकरामकडं वळला. "आप बताओ. हवा की वजह से लौटना चाहिए क्या?"

टेकरामनं खिंडीकडं पाहिलं, खांदे उडवले. "हवा तो है. जाना है तो जा सकते हैं. लौटना है तो लौट सकते हैं."

"मग असं करू," तेजस म्हणाला. "दादा आणि तन्वी इथे बसतील, मी आणि टेकराम वर जाऊन येतो. फक्त खिंडीपर्यंत."

टेकरामला मराठी येत नव्हतं, पण खुणा कळल्या. त्यानं मान हलवली. "अलग-अलग नहीं. सब ऊपर या सब नीचे."

तेवढ्यात खालून आणखी एक गट वर आला. पाच-सहा जण, भडक जाकिटांतले, एका लयीत पाय टाकत. त्यांनी हात उंचावले, काहीतरी ओरडले, ते वाऱ्यात विरलं. बघता बघता ते खडकाच्या वर गेले, शेवटच्या चढावर लहान झाले, आणि एकेक करून खिंडीत दिसेनासे झाले.

तेजस त्यांच्याकडं बघत राहिला. मग आदर्शकडं न पाहता म्हणाला, "दादा, मी वर्षभर या दिवसाची वाट बघितली. सकाळी तुम्ही फोनवर होतात, मी बोललो नाही. दमणार होता तर खालीच सांगायचं होतं."

"बरोबर आहे तुझं," आदर्श म्हणाला. "खाली मला कळलं नाही."

"कसं कळलं नाही?"

तन्वी उठली. तिनं आदर्शची पिशवी उचलून स्वतःच्या पिशवीवर बांधायला घेतली. तो "अगं, राहू दे" म्हणाला, हात पुढं केला. तिनं पट्टा आवळत म्हटलं, "दादा, हात खाली घ्या. आपण परत जातोय."

आणि त्यानं हात खाली घेतला.

उतरताना मजा काहीच आली नाही. पट्ट्या सोलून काढल्या, चढताना मोकळ्या ठेवलेल्या टाचा स्कीला बांधल्या आणि निघाले. वरचा थर टणक, मध्येच तो फुटायचा आणि स्की आत अडकायची. आदर्शच्या मांड्यांत जीव नव्हता. वळायला गेला की पडे, उठला की पुन्हा पडे. एकदा तर तो पडल्या जागी तसाच आडवा राहिला. गालाखाली बर्फ होता, वरून वारा जात होता आणि डोळे मिटायला लागले. टेकराम बाजूला येऊन उभा राहिला. "सोना नहीं, भाईसाहब. नीचे सोएँगे." त्यानं हात दिला, आदर्शनं तो धरला. पुढचा उतार टेकराम त्याच्या खालच्या बाजूनं चालला, तन्वी मागून. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मागून चालणाऱ्या माणसाला मागून येणाऱ्या स्कीचा आवाज ऐकताना लाज वाटत होती. कुरणापर्यंत ती लाज टिकली. पुढं तेवढीही ताकद राहिली नाही.

तेजस सफाईनं खाली जायचा, थांबायचा, आणि पाठ करून उभा राहायचा. ते पोचले की पुन्हा निघायचा.

गावात परत आल्यावर आदर्शनं बूट काढले आणि चुलीजवळ बसला. बोटांत जीव परत येताना अशी आग झाली की डोळ्यांत पाणी आलं. शिवानीचा निरोप होता, मामांना दाखल केलंय, काळजीचं नाही. दिवस कलताना तो दुसरा गट खिदळत परत आला. तेजस त्यांच्याशी बोलायला बाहेर गेला, बराच वेळ बोलत राहिला. आत आला आणि म्हणाला, "पलीकडे वारा नव्हताच म्हणे. बर्फ एकदम मस्त होता."

"असेल," आदर्श म्हणाला.

मग तोच म्हणाला, "तेजस, तुझा दिवस माझ्यापायी गेला, त्याचं मला वाईट वाटतं. पण मी खोटं बोललो नाही. मी दमलोच होतो."

तेजसनं मान डोलावली. राग गेला होता असं नाही. पण त्यानं चहाचा एक पेला भरून आदर्शच्या हाताशी ठेवला, आणि त्याच्या बोटांना धरता येईना हे पाहून खाली फडकं गुंडाळून दिलं.

हैदराबादला आदर्श घरी पोचला तेव्हा दुपार होती. ओठ फुटलेले, नाकाची साल निघालेली. दाराशी चपला होत्याच. दत्तोबामामांच्या तपासण्या झाल्या होत्या, डॉक्टरांनी घरी सोडून दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं होतं, आणि ते बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर उशांना टेकून बसले होते. शिवराज जमिनीवर. पार्वतीबाईंनी मुलाला पाहिलं आणि पहिलं वाक्य काढलं, "आलास, बरं झालं. उद्या सकाळी अण्णाला घिऊन जायचंय. शिवराजला काय समजंना तिथलं."

आदर्शनं पिशवी खाली ठेवली. पाणी प्यायला. मग आईजवळ बसला.

"आई, उद्या मी ऑफिसला जातोय. मामांना शिवराज नेईल."

"त्याला येतंय का तेलुगू?"

"मलाही येत नव्हतं."

"आरं, तुझ्या बाबानं काय सांगितलं व्हतं? आपल्या माणसाला..."

"दार उघडं ठेवा म्हणून सांगितलं होतं. ते उघडंच राहील, आई. कुणी स्टेशनवर झोपणार नाही. पण मी दमलोय."

"बर्फात गेलास म्हणून दमलास."

"नाही. बर्फात गेलो म्हणून कळलं."

"कवाच बोलला न्हाईस," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि तोंड फिरवून लसूण सोलायला लागल्या. दोन दिवस त्या त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या. त्याला ते लागलं. पण पूर्वी लागलं असतं तर त्यानं लगेच रजा टाकली असती, तशी या वेळी टाकली नाही.

शिवानी आत भाजी चिरत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तो आत आला तशी तिनं नुसता स्टूल पुढं सरकवला.

दत्तोबामामा सगळं ऐकत होते. संध्याकाळी ते आदर्शला म्हणाले, "हिकडं ये रे." तो दिवाणाच्या कडेला टेकला. म्हाताऱ्यानं पाय आखडून त्याला जागा दिली. मग म्हणाला, "बाबू, आम्हाला वाटायचं, तुला आवडतंय हे. तू हसतच दार उघडायचास. आम्ही गावाकडं सांगायचो, आदर्शला माणसं आली की आनंद होतोय."

"होतो की मामा आनंद. खोटा नव्हता तो."

"मग?"

"आनंद झाला तरी माणूस दमतोच."

मामा हसले, हसताना खोकले, आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, "खरंय. शेतात बी असंच असतंय."

शिवराजनं पहिल्या दिवशी चुकीच्या खिडकीवर सकाळ घालवली, तिन्हीसांजेला चिडून परत आला. "दादा, तू असतास तर एका घटकेत झालं असतं," तो म्हणाला. आदर्शला आत कुठंतरी टोचलं, कारण ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी शिवराज बरोबर ठिकाणी उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं बिलोलीच्या एका गोंधळलेल्या बाईला जिना दाखवला आणि घरी येऊन ते जेवताना दोनदा सांगितलं. मामांच्या हृदयाच्या दोन नळ्या मोकळ्या केल्या, आणि ते आपल्या पायांनी गाडीत चढले. जाताना पार्वतीबाईंना म्हणाले, "अक्का, पुढल्या वेळी गावाकडनं कुणी आलं तर बरोबर शिवराजला धाडतो. त्याला आता रस्ता ठावा झालाय." पार्वतीबाई "बघू" म्हणाल्या.

सगळं एकदम बदललं असं काही झालं नाही. त्या महिन्यात आणखी दोन कुटुंबं येऊन गेली. एकाबरोबर शिवराज आला. दुसऱ्याबरोबर कुणीच नव्हतं, तेव्हा आदर्शलाच जावं लागलं, आणि तो गेला. तेजसचा एकदा निरोप आला, पुढच्या हिवाळ्यात येणार का म्हणून. आदर्शनं तो वाचला आणि उत्तर न देता ठेवून दिला. ऑफिसात फुटलेल्या ओठांवरून लोकांनी चिडवलं. थकवा उतरायला बरेच दिवस लागले, आणि पुरता उतरला असंही म्हणता येत नाही. वर्षानुवर्षं साचलेलं एका आठवड्यात कसं उतरणार?

पण एका रविवारी दुपारी असं झालं, की जेवण झाल्यावर आदर्श आतल्या खोलीत आडवा झाला तो गाढ झोपला. शिवानीनं पडदा ओढला. त्याचा फोन बाहेर पार्वतीबाईंच्या शेजारी राहिला होता, तो वाजला. धर्माबादचा आवाज होता, घाईचा. पार्वतीबाईंनी ऐकून घेतलं, पेशंट कोण ते विचारलं, गाडी कोणती ते विचारलं. मग आतल्या पडद्याकडं एकदा पाहिलं.

"झोपलाय त्यो," त्या म्हणाल्या. "न्हाई, उठवत न्हाई. तुम्ही या, घर हाय. त्यो उठला की सांगते."